कंपासपेटीतली तीन पाकिटं

सातवीतल्या एका मुलीच्या कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली, दुमडून ठेवलेली तीन पाकिटं सापडली. पहिली दोन फोडलेलीसुद्धा नव्हती. तिसरं उघडलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने वजाबाकी मांडलेली होती. ६४,४०० मधून १५,००० गेले, मग १८,५०० गेले, मग २१,००० गेले. खाली उरले ९,९००. त्या आकड्याभोवती गोल करून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका महागड्या खासगी शाळेतलं आहे. वसतिगृह नाही; सकाळी बसने जायचं, दुपारी साडेतीनला परत यायचं. माझी मुलगी याच शाळेत, याच वर्गात होती, आणि २०२४-२५ या वर्षी मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर सहसचिव होते. मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. शाळेचं आणि कुटुंबाचं नाव देत नाही. लिहून झाल्यावर हे सगळं त्या मुलीला आणि तिच्या आईबाबांना वाचून दाखवलं. मुलीने दोन ठिकाणी चूक दाखवली, ती दुरुस्त केली आहे.

घर

बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, गावच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेले, मग इंजिनिअरिंग, मग हिंजवडीत सोळा वर्षं नोकरी. आई फिजिओथेरपिस्ट, एका दवाखान्यात अर्धा दिवस. वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट, त्याचा हप्ता महिन्याला ४६,०००. मुलगी एकुलती. २०१६ मध्ये ज्युनिअर केजीला प्रवेश घेतला तेव्हा वर्षाची फी ७२,००० होती. त्या वर्षी दोघांच्या पगारात ती सहज बसत होती.

२०२४-२५ ला सातवीची फी १,९३,२०० झाली. आदल्या वर्षी ती १,६८,००० होती, म्हणजे एका वर्षात पंधरा टक्के वाढ. बाहेरच्या माणसाला वाटतं की फी म्हणजे एवढीच. पण बसचे ४२,०००, कॅन्टीनच्या जेवणाचे ३०,०००, पुस्तकं-वह्या-गणवेश मिळून १४,५००, आणि डिसेंबरच्या मनाली कॅम्पचे १८,५०० धरले की बेरीज २,९८,२०० वर जाते. कॅम्प ऐच्छिक आहे असं पत्रकात लिहिलेलं असतं. बत्तीस मुलांच्या वर्गातून एकोणतीस जातात, आणि परत आल्यावर महिनाभर वर्गात दुसरा विषय नसतो.

जानेवारी २०२४ मध्ये बाबांची नोकरी गेली. तीन महिन्यांचा पगार हातात मिळाला. जूनचा पहिला हप्ता मुदत ठेव मोडून भरला. शाळा बदलायचा विचार आला नव्हता असं नाही. पण आठ वर्षं घातली, मैत्रिणी आहेत, आयसीएसईचा अभ्यासक्रम चालू आहे, मधूनच उचलून कुठे टाकायची? एकदोन महिन्यांत नोकरी लागेलच. त्यांच्या जागी मी असते तर मीही असाच विचार केला असता.

नातेवाइकांना सांगितलं नव्हतं, सोसायटीत सांगितलं नव्हतं. मुलीला सांगितलं होतं, पण मोजकंच: "बाबा सध्या घरून काम शोधतायत." बारा वर्षांच्या मुलीला भिंतीपलीकडून बँकेचे फोन ऐकू येतात, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सहा आठवडे

दुसऱ्या हप्त्याची तारीख होती १० ऑक्टोबर. हप्ता ६४,४००. दोन दिवस आधी बाबांनी शाळेच्या पालक ॲपवरून लिहिलं की नोकरी गेली आहे, जानेवारीपर्यंत मुदत द्यावी. ॲपने तक्रार क्रमांक दिला आणि 'आपला संदेश मिळाला' असं उत्तर आलं. घरच्यांनी ते होकार समजून घेतलं. प्रत्यक्षात तो संदेश अकाउंट्सपर्यंत पोचलाच नव्हता. ॲप बाहेरची कंपनी चालवते, आणि फीच्या तक्रारी ती 'तांत्रिक अडचण' या गटात टाकत होती. हे आम्हाला डिसेंबरात कळलं.

१४ ऑक्टोबरला, सोमवारी, पहिल्या तासाला वर्गात पाकिटं आली. पांढरं पाकीट, वर शाळेचं बोधचिन्ह, खाली 'पालकांसाठी, तातडीचे'. ज्यांची फी बाकी त्यांचीच नावं वाचली गेली. मुलं जागेवरून उठून पाकीट घेऊन परत जागेवर. पाकीट बंद असतं, पण पाकीट कसलं आहे हे सगळ्या वर्गाला माहीत असतं. २१ ऑक्टोबरला दुसरं. दिवाळीची सुट्टी झाली. ११ नोव्हेंबरला तिसरं.

तिने एकही घरी दिलं नाही. का, ते तिने नंतर आईला एका वाक्यात सांगितलं: "बाबांना परत रात्री झोप लागली नसती."

या सहा आठवड्यांत घरी जे दिसत होतं त्याचा अर्थ नंतर लागला. कॅन्टीनचं जेवण बंद करून डबा न्यायला लागली, म्हणाली तिथलं तेलकट असतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला पोट दुखतं म्हणून गेली नाही. भेटवस्तूचे सातशे-आठशे वाचले. मनालीला थंडी फार असते म्हणून कॅम्प नको म्हणाली. आईला वाटलं, मोठी व्हायला लागली, आवडीनिवडी बदलतायत. आई मला आजही म्हणते, "अगं, मी खूश झाले होते की पोरगी समजूतदार झाली."

ॲप ११ नोव्हेंबरनंतर बंद पडलं. गृहपाठ, वेळापत्रक, सूचना, सगळं त्याच ॲपवर. लॉगिन केलं की 'कार्यालयाशी संपर्क साधा'. आईने फोन जुना झाल्याचा दोष समजला. मुलगी रोज गृहपाठ मैत्रिणीकडून वहीत उतरवून आणत होती. ती मैत्रीण म्हणजे माझी मुलगी.

२५ नोव्हेंबरला युनिट टेस्ट सुरू झाली. पहिला पेपर गणिताचा. पेपर वाटायच्या आधी यादी आली आणि सातवीच्या दोन तुकड्यांतल्या पाच मुलांना वाचनालयात पाठवलं गेलं. दीड तास ती तिथे बसली. ग्रंथपाल बाईंनी त्यांना गोष्टीची पुस्तकं दिली. पेपर संपल्यावर मुलं परत वर्गात आली, डबे उघडले, दुसरा तास सुरू झाला.

त्या संध्याकाळी वर्गशिक्षिकेने आईला स्वतःच्या फोनवरून फोन केला. "हे मी शाळेच्या फोनवरून बोलू शकत नाही," असं म्हणून विचारलं, "तुम्हाला पाकिटं मिळाली नाहीत का?" मुलगी झोपल्यावर आईने दप्तर उपसलं. वह्यांत नाही, पुस्तकांत नाही. कंपासपेटी शेवटी उघडली, ती टोक केलेल्या पेन्सिली आत ठेवायला म्हणून.

वजाबाकीचा अर्थ लागायला दोघांना थोडा वेळ लागला. १५,००० म्हणजे अर्ध्या वर्षाचं कॅन्टीन. १८,५०० कॅम्प. २१,००० अर्ध्या वर्षाची बस. या तिन्ही गोष्टी आपण सोडल्या तर ६४,४०० पैकी किती उरतात ते तिने काढलं होतं. ९,९०० चं काय करायचं ते तिला सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा मला फोन आला. तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि माझ्या मुलीला समोर बसवलं. तिला सगळं माहीत होतं. सगळ्या वर्गाला माहीत होतं. "मग मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू समितीत आहेस ना. तू शाळेत जाऊन बोलली असतीस, मग तिला अजून वाईट वाटलं असतं." मी समितीत आहे याचा मला अभिमान होता. त्याच कारणाने माझ्या मुलीने सहा आठवडे माझ्यापासून हे लपवलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत

२७ नोव्हेंबरला आम्ही बसलो: मुख्याध्यापक, अकाउंट्सचे प्रमुख, वर्गशिक्षिका, आईबाबा आणि मी. मुलीला मुद्दाम घरी ठेवलं होतं.

शाळेची बाजू मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ती पोकळ नव्हती. चौदाशे मुलं, नव्वदच्या वर शिक्षक, पगार एक तारखेला. सरकारचं अनुदान नाही. फी हेच उत्पन्न. त्या आठवड्यात जवळजवळ १३० मुलांचा हप्ता बाकी होता, आणि त्यातल्या कितीतरी घरी पैशाची अडचण अजिबात नव्हती. मार्चपर्यंत ओढायचं, सवलत मिळते का बघायचं, अशी सवय लागलेले पालक. मेसेज, ईमेल, फोन, कशालाही उत्तर देत नाहीत. मग मुख्याध्यापक म्हणाले, "मुलाच्या हातात पाकीट दिलं की दुसऱ्या दिवशी पैसे येतात. दुसऱ्या कशानेही येत नाहीत."

हे अगदी खरं आहे, आणि माझं सगळं म्हणणं या वाक्यावर येऊन थांबतं. पाकीट चालतं कारण ते मुलाला लागतं. निगरगट्ट पालकाला टोचणी लावायची तर ती पोरातून लावायची, आणि ज्या घरात खरोखर पैसे नाहीत त्या घरचं पोर ती टोचणी स्वतःच्या अंगावर घेऊन गप्प बसतं. देणं शाळेचं आणि पालकांचं. त्यात मुलाला मध्ये उभं करायचंच नाही, निरोप्या म्हणूनसुद्धा नाही.

अकाउंट्सचे प्रमुख पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, तोपर्यंत काही बोलले नव्हते. ते एकदम म्हणाले, "ही मुलगी माझ्या खिडकीशी आली होती." सगळे थांबलो. तिसरं पाकीट मिळाल्यानंतरच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, एकटीच. तिने विचारलं होतं, "सर, आमचे कॅन्टीनचे पैसे फीमध्ये वळवता येतील का? मी डबा आणते." त्यांनी सांगितलं होतं, "बाळा, बाबांना पाठव." ती "हो सर" म्हणून गेली. ते म्हणाले, "मला घरी फोन करायला हवा होता. खिडकीवर रांग होती." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्यासमोर १३० नावं होती.

बाबा शेवटी बोलले. गावच्या शाळेत त्यांचीही फी माफ होती, कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या ईबीसी सवलतीचा फॉर्म भरून. "सर वडिलांना बोलवून घ्यायचे, ऑफिसात बसवायचे, स्वतः फॉर्म भरून घ्यायचे. वडिलांचा अंगठा असायचा त्याच्यावर. मला वर्गातून कधी उठवलं नाही." एवढंच. आवाज चढवला नाही.

मग तासाभरात मार्ग निघाला, आणि तो इतका साधा होता की आईला रडू आलं. ६४,४०० चे महिना १६,१०० प्रमाणे चार भाग. जानेवारीचा तिसरा हप्ता मेअखेर. शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. पाचही मुलांची गणिताची टेस्ट परत. ॲप त्याच दिवशी चालू. शाळेने फीसाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीचं पत्रकही पुढे केलं, हप्ते बिनव्याजी पण प्रक्रिया शुल्क वेगळं. डोक्यावर घराचं कर्ज असताना आणखी एक नको म्हणून ते घेतलं नाही.

कायदा काय म्हणतो

बैठकीला जाताना मी दोन गोष्टी सोबत नेल्या होत्या. एक म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं, आणि कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. सहा ते चौदा वयाची मुलं त्यात येतात. खासगी विनाअनुदानित शाळाही येतात. अल्पसंख्याक संस्थांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने हा कायदा लागू नाही, त्यामुळे आपली शाळा त्या दर्जाची आहे का ते आधी बघून घ्यावं. आमची नव्हती.

दुसरा, सर्वोच्च न्यायालयाचा ३ मे २०२१ चा राजस्थानातल्या शाळांच्या फीबद्दलचा निकाल. फी थकली म्हणून मुलाला वर्गात बसण्यापासून अडवू नये, निकाल रोखू नये, असं त्यात म्हटलं आहे. तो कोरोनाच्या वर्षापुरता होता. मी तसं बैठकीत सांगितलंही, कारण अर्धवट वाचून केलेला युक्तिवाद शाळेचा वकील एका मिनिटात मोडतो.

एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतल्या द्वारका भागातल्या एका नामांकित शाळेचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयासमोर आलं. तिथेही फीच्या वादात मुलांना वर्गाऐवजी वाचनालयात बसवून ठेवलं होतं. न्यायालयाने त्या शाळेवर अतिशय कडक ताशेरे ओढले. बातमी वाचली तेव्हा आमच्या वाचनालयाचं दार डोळ्यांसमोर आलं. वाचनालयच का निवडतात कोण जाणे. तिथे शिक्षा दिसत नाही म्हणून असेल.

इतिवृत्ताची वही

पाकिटांचा प्रश्न त्या पाच मुलांपुरता सुटला. पण फी एवढी वाढली कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता, कारण ती वाढवायला पालकांची संमती लागते.

महाराष्ट्रात यासाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. तो डिसेंबर २०१४ पासून अमलात आला. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ, आणि त्यातून कार्यकारी समिती: मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांमधून उपाध्यक्ष, शिक्षकांमधून सचिव, पालकांमधून दोन सहसचिव, आणि प्रत्येक इयत्तेचे प्रतिनिधी. पालक सोडत काढून निवडायचे. व्यवस्थापनाने नव्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा. समितीने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बंधनकारक. कागदावर हा पालकांच्या हातात दिलेला मोठा अधिकार आहे. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या सभेत चहा, वेफर्स, क्रीडादिनाची चर्चा, हजेरीच्या पानावर सह्या आणि चाळीस मिनिटांत घरी.

१४ डिसेंबरच्या सभेत २०२५-२६ साठी बारा टक्के वाढीचा प्रस्ताव आला. मी आदल्या वर्षीची इतिवृत्ताची वही मागितली. थोडी शोधाशोध झाली, पण वही आली. जानेवारी २०२४ च्या पानावर एकच ओळ होती: 'उपस्थित सभासदांनी शुल्कवाढीस एकमताने मान्यता दिली.' खाली सह्या. त्यातल्या दोघींना मी ओळखत होते. दोघींनाही आधीच विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की सभेत फीचा विषय निघालाच नाही, सही हजेरीची म्हणून केली होती.

या ठिकाणी खूप पालक भांडणात उतरतात: खोट्या सह्या, फसवणूक, पोलीस. मी हिशेबातली माणूस आहे. मला तो कागद जसा आहे तसा जास्त उपयोगाचा वाटला. मी म्हटलं, हा ठराव खरा धरू. मग तो दोन वर्षांचा आहे, २०२५-२६ ला एक रुपयाही वाढवता येत नाही. आणि ठराव खरा नसेल, तर यंदा घेतलेले पंधरा टक्केही परत द्यावे लागतील. दोन्हींपैकी कोणतं, ते व्यवस्थापनाने सांगावं.

खोलीत शांतता पसरली. "आपण दरवर्षी करतोच," असं कुणीतरी म्हणालं. मी कलम वाचून दाखवलं. आठ दिवसांनी प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र आलं.

मार्चमध्ये बस ४२,००० ची ४९,००० झाली आणि कॅन्टीन ३०,००० चं ३६,०००. दोन्ही ठेकेदाराचे दर, शाळेचा संबंध नाही, असं सांगण्यात आलं. फीत वाचलेल्या तेवीस हजारांतले तेरा असे गेले.

सह्या

२०१८ च्या दुरुस्तीने पालकांना थेट विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं, पण पंचवीस टक्के पालकांनी मिळून तक्रार केली तरच. एकट्या पालकाला ते दार बंद. आमच्या शाळेत सुमारे ११५० कुटुंबं, म्हणजे २८८ सह्या हव्यात. आधीच घेतलेल्या पंधरा टक्के वाढीविरुद्ध आम्ही सहा जणींनी जानेवारीत तीन आठवडे घरोघर फिरून १७१ मिळवल्या.

ज्यांनी नकार दिला त्यांच्यावर माझा रोष नाही. वाढ त्यांनाही जड जात होती. एका आईने चहा केला, सगळे कागद वाचले, हिशेब बरोबर आहे म्हणाली, आणि मग, "ताई, पुढच्या वर्षी हिची दहावी आहे. अंतर्गत वीस गुण शाळेच्या हातात. माझं नाव नको." बहुतेक घरांत हेच, वेगळ्या शब्दांत. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज दीडशे मेसेज, शाळा लुटते म्हणून. एवढी फी भरणारा, हातात अधिकार असलेला, शिकलेला पालक शाळेसमोर इतका दबून असतो, हे मला या तीन आठवड्यांत कळलं. त्यामागे त्याचं मूल आहे. तेच मूल, ज्याच्या हातात पाकीट दिलं की दुसऱ्या दिवशी पैसे येतात.

अपील झालं नाही. पण फेब्रुवारी २०२५ च्या सभेत एक ठराव झाला, आणि तो मी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला: 'फीसंबंधी कोणतीही सूचना, पाकीट वा निरोप विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये; थकबाकीची यादी वर्गात नेऊ नये; थकबाकीमुळे वर्ग, परीक्षा, वाचनालय वा ॲप बंद करू नये.' आता अकाउंट्समधून आधी ईमेल जातो, मग आईबाबा दोघांनाही फोन. एप्रिलमध्ये मी मुद्दाम विचारलं. थकबाकी मागच्या वर्षीएवढीच होती, ना कमी ना जास्त.

पुढे

बाबांना फेब्रुवारीत नोकरी लागली, आधीपेक्षा तिसरा हिस्सा कमी पगारावर. मेअखेर सगळी फी चुकती झाली.

मुलगी मात्र सहज सावरली नाही. रात्री उठून घरातले दिवे बंद आहेत का ते बघायची. कोणतीही वस्तू आणली की आधी किंमत विचारायची. शाळेच्या समुपदेशक बाई चांगल्या आहेत. दोनदा भेट झाली. पहिल्या भेटीत मुलीने खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं, "याचे पैसे वेगळे लागतात का?" बाईंनी ते नंतर आईला सांगितलं, मुलीच्या परवानगीने.

आठवीला तिने स्वतःच सांगितलं की मला इथे यायचं नाही. आता परवडत होतं, तरी. आईबाबांनी दोन महिने समजावलं, मग ऐकलं. अनुदानित सेमी-इंग्रजी शाळेत प्रवेश घेतला. दाखला मिळायला तीन आठवडे गेले, सगळी फी भरलेली असूनही. कुठल्याशा विभागाची सही राहिली होती. नव्या शाळेने दाखल्यासाठी अडवलं नाही. अडवताही येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे, पण पालकांना ते माहीत नसतं आणि त्याची भीती दाखवली जाते.

नवीन वर्गात बासष्ट मुलं आहेत. मराठीच्या निबंधात तिला पहिल्या चाचणीत वीसपैकी सात मिळाले. आता माझ्याकडे रविवारी येऊन बसते. जुन्या शाळेतली प्रयोगशाळा आणि बास्केटबॉलचं मैदान तिला आठवतं, विज्ञानाच्या बाईही आठवतात, आणि त्या खरंच फार छान शिकवतात. माझी मुलगी अजून तिथेच आहे ती अशा शिक्षकांमुळेच. पण जुन्या वर्गाचं स्नेहभोजन होतं त्याला ती आली नाही. "काकू, तिथे सगळ्यांना माहितीये," एवढंच म्हणाली.

वाचनालयात बसलेल्या पाच मुलांपैकी चार घरांशी माझं नंतर बोलणं झालं. दोन घरी पाकिटं वेळेवर पोचली होती. एका मुलाने ती बसच्या सीटखाली टाकून दिली होती. पाचव्या मुलाचं नाव वर्गशिक्षिकेने मला सांगितलं नाही, आणि ते योग्यच केलं. मी फक्त विचारलं की त्याची गणिताची टेस्ट परत झाली का. त्या म्हणाल्या, तो त्या सोमवारनंतर शाळेत आलाच नाही. जानेवारीपर्यंत हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत होती. फेब्रुवारीच्या पानावर नाव नव्हतं.